चार नंबरचा जबडा

गुरुवारी सकाळी नऊला शरीररचना शिकवणारी शलाका डिसेक्शन हॉलमध्ये आली ती दहाच्या वर्गाची तयारी करायला. साल १९९४. कानडी मुलखातलं, यशवंतपूरच्या पलीकडचं ते खासगी मेडिकल कॉलेज, देणगी घेऊन पोरं भरणारं आणि प्रेतं फुकटात मिळवणारं.

चावायला चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला चार स्नायू असतात. तीन तोंड मिटतात, चौथा उघडतो. चार नंबरच्या टेबलावरच्या माणसाच्या गालाच्या हाडाची कमान तिनं काल दोन्हीकडून करवतीनं कापली होती आणि मिटणारे तिन्ही स्नायू तोडले होते. आत खोलवर, पोरांना दाखवायला, फक्त उघडणारा ठेवला होता. जबडा लोंबता टाकून ती घरी गेली होती.

आज तोंड मिटलेलं होतं. घट्ट.

"गुंडूराव, ह्याला हात कुणी लावला?"

अटेंडर गुंडूराव तीन पिढ्यांपासून इथलाच मराठी. "कुणी नाही, अक्का. काल पाचला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळी दार उघडलं तर... सुपारी फोडल्यासारखा आवाज येत होता. मी बिडी ओढत बाहेरच थांबलो."

तिनं दोन्ही अंगठे लावून जबडा उघडला. वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच होती, कानशीनं घासल्यासारखी. फॉर्मलिननं डोळे चुरचुरत होते. ती चिमटा घ्यायला वळली.

पाठीमागे... कर्र... कर्र.

तोंड पुन्हा मिटलं होतं. त्याला ओढणारं काही उरलंच नव्हतं.

ती बाहेर पडली. फाटकाशी एक बाई चार दिवसांपासून फोटो धरून बसलेली असायची. तीन दिवस शलाका स्कूटर न थांबवता आत गेली होती. आज तिच्यासमोर उभी राहिली.

"माझं नाव सुनंदा. हे राजाजीनगरात शिंपी, अक्का. बाजारात चक्कर येऊन पडले, म्हणे. मी त्याच दिवशी पोलिसांत लिहून दिलंय, हा बघा कागद. तिथले म्हणतात इथं विचारा, इथला वॉचमन म्हणतो तिथं जा."

"काही खूण?"

"धागा दातानं तोडायचे. तीस वर्षं. पुढच्या दाताला खाच पडलीय."

शलाका 'पुरुषोत्तम, शिंपी' असं लिहिलेला तो कागद घेऊन विभागप्रमुख डॉ. विनोदकुमारांकडे गेली. तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी ते प्रेत इथं आलं होतं. ना शोध, ना चौकशी. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"बेवारस म्हणून आलं, बेवारस म्हणून लिहिलं. आता कापलेला चेहरा त्या बाईला दाखवणार? नोकरी हवी असेल तर स्वल्प गप्प बसा."

गप्पच बसली होती की ती, तीन दिवस. ती तडक फाटकाशी गेली आणि सुनंदाबाईंना हाताला धरून आत घेऊन आली.

गालांवर तिनं कापड टाकलं, ओठ तेवढे वर उचलले. सुनंदाबाईंनी दात पाहिले. रडल्या नाहीत. कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो... सोडा आता. मी आलेय."

जबडा हळूहळू खाली आला. उघडणारा तो एक स्नायू शाबूत होता.

तेवढ्यात विनोदकुमार बगलेत रजिस्टर मारून आले. "काय लिहिलंय ते वाचून दाखवा हिला," म्हणत त्यांनी ते उघडलं, आणि पानं भसाभस जमिनीवर पडली. शिवण जागोजागी तुटली होती. दोऱ्याची टोकं ओली होती.

"हे माझ्याच कपाटात होतं..." ते पुटपुटले.

सुनंदाबाईंनी एक टोक चिमटीत धरून पाहिलं. "कात्रीनं असं तुटत नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना कधी न्यायचं?"

विनोदकुमारांनी तिथल्या तिथे प्रेत सोडायच्या कागदावर सही केली. दुपारी पुरुषोत्तम शिंप्याला त्याची माणसं घेऊन गेली.

गुंडूराव पानं गोळा करत राहिला. ओळीमागून ओळ, प्रत्येकीपुढे तोच शब्द. बेवारस. बेवारस. अचानक त्याचा हात थांबला.

"अक्का... पाच नंबरला तुम्ही अजून सुरी लावली नाही ना?"

"नाही. का?"

त्यानं बोट दाखवलं. पाच नंबरवरच्या प्लास्टिकखालून दात खाल्ल्याचा आवाज येत होता. मग सहावरूनही.