टाचेखालचा निळा डाग

दोन हजार तेवीस साल. धारला घटस्थापनेच्या सकाळी संग्रामने बायकोच्या हातातला ड्रेसिंगचा ट्रे हिसकावून घेतला आणि सगळ्या घरादेखत तिला माहेरी, देवासला, चालती हो म्हणून सांगितले.

त्याच्या आईची, जमुनाबाईंची, टाच साखरेच्या आजाराने पाच महिने चिघळत होती. वैभवी ती जखम पोटच्या लेकरासारखी जपायची. देवासच्या इस्पितळात एक यंत्र होते. डोळ्यांना न दिसणारा उजेड कातडीखाली सोडून रक्तातला प्राणवायू कुठवर पोचतो, त्याचे चित्र काढायचे. तांबडे ते जिवंत, निळे ते उपाशी. इस्पितळात आठ दिवस निजून असताना आईसाहेबांची टाच तांबडी झाली, आणि घरी येताच पुन्हा निळी! संग्रामने दोन्ही चित्रे वैभवीच्या अंगावर फेकली.

"परक्यांच्या हाती आई बरी होते, तुझ्या हाती सडते. अजून काय पाहिजे?"

जमुनाबाई तिथेच बसून होत्या. त्यांनी पदर ओढून टाच झाकून घेतली...

चैत्रात संग्रामची गाडी सरदारपूरच्या रस्त्यावर उलटली, तेव्हा त्यांनी देवीला नवस केला होता, की वर्षभर रोज तासभर अनवाणी उभी राहून पाठ म्हणेन. डॉक्टरांनी दिलेला जाड तळाचा बूट देवघराबाहेर राहायचा. वैभवीने हातापाया पडून पाहिले, पायाखाली सतरंजी घातली. आईसाहेबांनी ती पायानेच सारली आणि हे कुणाला सांगायचे नाही म्हणून सुनेला नवऱ्याच्या जिवाची शपथ घातली. ती शपथ गिळून, तोंडातून ब्र न काढता, वैभवी माऊली देवासला निघून गेली.

पट्टीला नर्स आली. पंधरा दिवसांनी देवासला पुन्हा चित्र काढले, तर डाग वाढलेला. तिथले डॉक्टर, तरुण नावाचे, यांनी संग्रामला जवळ बोलावले.

"भिया, पट्टी बांधणारी बदलली, पण डागाची जागा वहीं की वहीं. हा उभं राहण्याचा डाग आहे. माताजी रोज टाचेवर भार देतात."

जमुनाबाईंची मान खाली गेली. "मीच उभी राहते. तुझ्यासाठी बोललेल्या नवसापायी. ती बोलली नाही, कारण मी तिला तुझी आण घातली होती."

संग्राम तिथूनच सासरी गेला आणि दारात उभा राहिला. वैभवीने त्याला आत या म्हटले नाही.

"आईसाहेबांसाठी येते. तुमच्यासाठी नाही."

जमुनाबाईंचा पाय वाचला. उरलेला नवस त्यांनी खुर्चीत बसून फेडला आणि दोन वर्षांनी सुनेच्या मांडीवर प्राण सोडला. डॉक्टर तरुण इंदूरला गेले. वैभवी परत आली त्या दिवसापासूनच संग्रामने मात्र आईची पट्टी बांधायचे काम स्वतःकडे घेतले होते. वैभवी दाराशी उभी राहून पाहायची, नवऱ्याशी बोलायची नाही. परतल्यानंतरच्या सातव्या महिन्यात, तो आईची पट्टी बांधत असताना, ती त्याच्याजवळ येऊन खाली बसली.

"सैल बांधा," ती म्हणाली, "त्यांना दुखतंय."