हेक्टरचा घास

पुंजाराम पाटबंधारे कचेरीत ट्रेसर होता. कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवायचं त्याचं काम, आणि त्यात केसभर चूक खपत नाही. माणूस स्वभावानेही तसाच. जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला तो जात नसे. त्यामुळे १९७९च्या जानेवारीत वासराएवढा कुत्रा सायकलीला बांधून तो देवळाली कॅम्पातून घरी आला, तेव्हा सगळ्यात जास्त नवल त्याच्या बायकोला, सिंधूला वाटलं.

कुत्रा कॅम्पातल्या एका बंद बंगल्यातला. मालकीण वारली होती, बंगला विकला गेला होता, आणि तिथला माळी मंगळू आपल्या भाकरीतला वाटा घालून त्याला कसाबसा जगवत होता. नवे मालक यायच्या आत कुत्र्याचं काहीतरी करून टाक, असा मंगळूला निरोप होता. करून टाकायचं म्हणजे काय, हे त्याला चांगलं कळत होतं. "लय गुणी हाय साहेब," तो म्हणाला होता, "फकस्त फेफरं येतं." नाव हेक्टर. कचेरीत दिवसभर हेक्टर मोजता ते पुरत नाहीत का, असं सिंधूने नवऱ्याला ऐकवलं आणि कुत्र्यापुढे पाणी ठेवलं.

फेफरं चौथ्या दिवशीच आलं. रविवारची भर दुपार होती. हेक्टर अंगणात उभ्याउभ्या आडवा झाला, चारी पाय पळत असल्यासारखे हलू लागले, तोंडाला फेस आला. पुंजारामने घड्याळात पाहिलं. अडीच मिनिटं. त्याची पाच वर्षांची शकू एरवी पेला पडला तरी दचकायची. ती मात्र कुत्र्याच्या पोटावर हात ठेवून शेवटपर्यंत बसून राहिली.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धीर दिला. आजार आटोक्यात येण्यासारखा आहे, रोज संध्याकाळी एक पांढरी गोळी, चुकवायची मात्र नाही. दहा वर्षं सुखाने जगेल म्हणाले. पुंजाराम खूश झाला. घरी येऊन त्याने ट्रेसिंगच्या कागदावर फेफऱ्यांचा आलेख आखायला घेतला.

आता गोळी पोटात घालायची कशी? इथे पुंजारामला युक्ती सुचली. शकू अंगाने काडी, सारखी आजारी, म्हणून सिंधू रोज दिवेलागणीला भाकरीचा तुकडा तिच्यावरून तीनदा उतरून गल्लीतल्या कुत्र्याला टाकायची. पोरीची पीडा तुकड्याबरोबर जाते, असं तिच्या माहेरी हरसूलला सगळेच मानत. पुंजाराम यावरून तिची भरपूर थट्टा करी. तो म्हणाला, तुकडा हेक्टरलाच घाल आणि आत गोळी दडव, म्हणजे तुझंही औषध जाईल आणि माझंही. सिंधूला ते पटलं नाही. आजारी जनावराला उताऱ्याचा तुकडा घालत नसतात, ती म्हणाली. पण नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

आणि फेफरं थांबलं! फेब्रुवारीचा कागद कोरा गेला, मार्चही कोराच चालला. हेक्टरच्या अंगावर तकाकी आली. पुंजाराम कचेरीत आलेख दाखवत हिंडला.

शकूचं मात्र काहीतरी बिनसत होतं, आणि ते कागदावर मांडता येण्यासारखं नव्हतं. ती दचकेनाशी झाली. पाठीमागे हंडा आपटला तरी मान वळवत नसे. रात्री जेवायला बसली की पोट भरलंय म्हणायची. दुपारी उघड्या डोळ्यांनी झोपायची, सिंधूने डोळ्यांपुढून हात फिरवला तरी पापणी हलायची नाही. हेक्टर तिला सोडून हातभर लांब जात नव्हता. सिंधू दोनदा म्हणाली की मला हे बरं दिसत नाही. उन्हाळा लागतोय, पुंजाराम म्हणाला.

मार्चअखेरच्या एका रविवारी अंगण धुताना त्याने पाण्याचा रांजण सरकवला. मागे भिंतीच्या कडेला पांढऱ्या गोळ्यांचा ढीग होता, ओल लागून फुगलेला. त्याने मोजल्या. सत्तावन्न. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या. हेक्टर तुकडा खात होता आणि गोळी इथे आणून थुंकत होता. औषधाचा कणही त्याच्या पोटात गेला नव्हता.

मग तो बरा कशाने झाला? पुंजारामने खराटा बाजूला ठेवून गोळ्या पुन्हा मोजल्या.

दुपारी सिंधू शेजारी गेली होती. शकू ताट घेऊन ओट्यावर बसली होती, हेक्टर शेजारी झोपला होता. पुंजाराम दारातून बघत होता. शकूने भाकरीचा तुकडा मोडला, हेक्टरच्या डोक्यावरून तीनदा फिरवला आणि आपल्या तोंडात घातला.

"हे काय करतेस गं?"

"आई माझ्यावरून उतरवती ना दादा, तसं मी त्याच्यावरून," शकू म्हणाली. "त्याचं लय हाय. म्हणून मी दोन घास खाते."

कधीपासून, ते विचारल्यावर ती म्हणाली, त्याला पहिलं फेफरं आलं तेव्हापासून.

पुंजाराम हसला. हसायला हवं होतं म्हणून हसला, आणि तिच्या हातातली भाकर काढून घेतली. आजपासून या घरात उतारा बंद, असं त्याने सिंधूला बजावलं.

मंगळवारी भर दुपारी शकू अंगणात उभ्याउभ्या आडवी झाली. अडीच मिनिटं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही धीरच दिला. पांढरी गोळीच दिली. शकू ती शहाण्यासारखी गिळायची, वर जीभ काढून दाखवायची. तरी फेफरं रोज यायला लागलं, मग दिवसातून तीनदा, मग मोजणं सुटलं. आठवडाभराने डॉक्टर पुंजारामच्या डोळ्याला डोळा देईनासे झाले. पोरगी हातची चालली, हे त्याला न सांगता कळलं. हेक्टर तिच्या अंथरुणाशी बसून होता.

नवव्या दिवशी पुंजाराम कचेरीतून मधेच घरी आला. टोपल्यातली भाकर घेऊन त्याने तुकडा मोडला. सिंधू बघत राहिली.

"काय म्हणायचं असतं?" त्याने विचारलं.

"काय नाय. पोरीला मनात धरायचं."

त्याने तुकडा शकूवरून तीनदा उतरवला आणि हेक्टरपुढे धरला.

हेक्टरने हुंगलं. तोंड मिटलं आणि मान वळवली.

त्याने गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकला. ते शेपूट घालून पळालं.

तो तुकडा उचलून परत आला. आत शकूची टाच जमिनीवर वाजायला लागली होती.

पुंजारामने तुकडा तोंडात घातला. नीट चावला. गिळला.

टाच थांबली. शकूने डोळे उघडले, आईला म्हणाली, भूक लागली. सिंधू रडत रडत चुलीकडे धावली.

हेक्टर उठला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्याने शकूचं अंथरूण सोडलं. सावकाश आळस दिला, पुंजारामजवळ आला, आणि त्याच्या दोन्ही पावलांवर सगळं अंग टाकून पडून राहिला.