रविवारची लेन्स

“सॉरी हां, पण ती लेन्स माझी आहे.”

मागून आवाज आला तेव्हा लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर अर्धी बसली होती. मी वळून पाहिलं. दुकानाच्या दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. हेल्मेट काढल्यामुळे केस चहूकडे उभे राहिलेले, आणि बोटांना निळा रंग.

“तुमची? मी परवाच फोन करून सांगितलंय, रविवारसाठी ठेवा म्हणून.”

“मी मेसेज केलाय. सोमवारी.”

आम्ही दोघांनी एकदमच विलासकाकांकडे पाहिलं. वाशीच्या सेक्टर सतरामधल्या त्यांच्या दुकानात कॅमेरे आणि लेन्सेस भाड्याने मिळतात. काकांनी वही उघडली, फोन उघडला आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

“लग्नसराई आहे रे बाबांनो... गोंधळ झाला. बाकीच्या सगळ्या झूम गेल्यात. एक पन्नासची उरलीये, पण तिला झूम नाही.”

पन्नासची घेऊन मी काय करणार होते? माझी कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स कधीच खाली पडून बिघडली होती. दुसरी होती ती लांबची, नेरूळच्या तळ्यावरचे फ्लेमिंगो टिपायची. मला फ्लेमिंगोच जमायचे. ते लांब असतात, त्यांना माझा चेहरा दिसत नाही, आणि ‘आता बस कर गं’ असं ते म्हणत नाहीत. माणसं टिपायची तर मधली झूम हवी, सतरा ते पंचावन्न मिलिमीटरची, जवळ उभं राहूनही सगळं मावणारी. तीच विकत घ्यायचा विचार होता, पण आधी वापरून बघायची होती. आणि बघायला रविवारसारखा दिवस परत येणार नव्हता.

“काय काढणार आहात?” त्याने विचारलं.

“बस.”

“बस?”

“म्हणजे... बसमधले पप्पा. ड्रायव्हर आहेत. एकतीस वर्षं. रविवारी त्यांची शेवटची फेरी आहे, साडेतीनची, नेरूळहून उलव्याला. पन्नासने काढले तर फक्त पप्पांचा कान येईल.”

तो हसला. एका गालावर खळी होती... उगाच.

“आणि तुम्ही?”

“कबड्डी. रविवारीच, साडेचारला. आई खेळते.”

“तुमची आई?”

“बावन्न वर्षांची आहे. आमच्या गावच्या बायकांची टीम फायनलला गेलीये. आई डाव्या कोपऱ्यात असते. घोटा धरला की सोडत नाही. घरात पण तसंच आहे तिचं.”

आता मी हसले. मग अर्धी बसलेली लेन्स मी काढून ठेवली. ती आता काउंटरवर आमच्या मधोमध उभी होती.

“मॅच कुठे आहे?” मी विचारलं.

“उलव्याला. बस शेवटी थांबते तिथून रिक्षाने पाच मिनिटं.” तो थांबला. बहुतेक दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं. “तुमची फेरी सव्वाचारला संपणार. मी बसमध्येच बसतो. तुमचं झालं की लेन्स माझी. कॅमेरे एकाच कंपनीचे आहेत आपले... चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. “पण तिकीट काढावं लागेल.”

त्याचं नाव कुलदीप घरत. उलव्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. माझं नाव संघमित्रा गमरे, ऐरोलीत एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात काम, असं मी सांगितलं. “मित्रा म्हणतात,” असंही सांगितलं. ते का सांगितलं, मला माहीत नाही.

रविवारी पप्पांनी गणवेशाला स्वतः इस्त्री केली. “माझे कसले फोटो काढते? बसचे काढ,” असं म्हणत दोनदा भांगही पाडला. कुलदीप तीनलाच स्टॉपवर हजर होता. पप्पांनी त्याला आरशातून नीट बघून घेतलं.

“हे कोण?”

“लेन्सचे अर्धे मालक,” मी म्हणाले.

गाडी निघाली आणि माझ्या लक्षात आलं की मला हे जमत नाहीये. ड्रायव्हरच्या शेजारी, हातभर अंतरावर उभं राहायचं होतं. पप्पांच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ मी शेवटची कधी उभी राहिले होते? ते अवघडले. मी त्याहून जास्त अवघडले. दोन फोटो काढून मी सवयीने मागे सरकायला लागले.

“मागे नका जाऊ,” कुलदीप हळूच म्हणाला. “लांबून चांगले येणार नाहीत. त्यांच्याशी बोला काहीतरी. बोलता बोलता काढा.”

“काय बोलू?”

“पहिल्या दिवसाबद्दल विचारा.”

मी विचारलं. पप्पा आधी ‘हं’ म्हणाले. मग सीवूड्सचा सिग्नल लागला आणि ते सांगायला लागले. पहिल्या दिवशी घाबरून एका स्टॉपवर गाडी थांबवलीच नाही, तर एक म्हातारी पुढच्या स्टॉपपर्यंत त्यांना शिव्या देत बसली होती... सांगताना ते मान मागे टाकून हसले. मी बटण दाबलं. समोरच्या काचेतून ऊन येत होतं, पप्पांचे सगळे दात दिसत होते, आणि मागे अख्खी बस वाकून ऐकत होती. सगळं एका चौकटीत मावलं.

मग मी थांबलेच नाही. बस वळली की मी कलंडायचे, पण पडायचे नाही. थोड्या वेळाने कळलं की माझ्या बॅगेचा पट्टा कुलदीपने मागून घट्ट धरून ठेवलाय. तो दुसरीकडेच बघत होता. कान मात्र लाल झाले होते.

पण बस काही वेळेवर जाईना. बेलापूरला डेपोतले चार जण हार घेऊन उभे. पुढच्या स्टॉपवर एका बाईंनी पप्पांना डबाभर लाडू दिले. त्यांच्या तिन्ही मुली पप्पांच्या बसने कॉलेजला गेल्या होत्या. कंडक्टर शर्मिलाताई प्रत्येक वेळी घंटी मारायची आणि डोळे पुसायची. चार वाजले... सव्वाचार वाजले... खाडीवरचा पूल अजून यायचाच होता.

कुलदीपच्या खिशात फोन थरथरत होता. तो काढत नव्हता.

“तुमची मॅच...” मी म्हणाले. “ही घ्या लेन्स. उतरा, रिक्षा करा. माझे झालेत बरेच.”

“शेवटचा राहिलाय. ते गाडी बंद करतील तो.”

“आणि आईची फायनल?”

“मी आत्ता लेन्स काढून नेली हे कळलं ना, तर आई माझाच घोटा धरेल.” तो हसला, पण खळी नीट पडली नाही.

पाचला बस उलव्याला थांबली. पप्पांनी इंजिन बंद केलं. गाडी शांत झाली तरी त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. मग त्यांनी एका हाताने त्यावर हळूच थोपटलं, गाईच्या पाठीवर थोपटतात तसं. मी तो फोटो काढला. त्यानंतर मला काही दिसेना.

“रडते काय? आणि या मुलाचं तोंड का उतरलंय?” पप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. पप्पा ताडकन उठले. “आईची फायनल सोडून इथे माझे लाडू खात बसलाय? चला! रिक्षा!”

रिक्षात तिघं, पाच हार आणि लाडवांचा डबा. पप्पा रस्ताभर रिक्षावाल्याला वळण कसं घ्यायचं ते सांगत होते.

मैदानाच्या कडेला खच्चून गर्दी. कुलदीपने मला हाताला धरून आत घुसवलं. शेवटची चढाई सुरू होत होती. कुलदीपची आई, गोजराकाकी, ओळखू आल्याच. निळी जर्सी, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाडा घट्ट बांधलेला. त्यांची टीम एका पॉइंटने मागे होती आणि मैदानात तिघीच उरल्या होत्या. अशा वेळी पकड जमली तर दोन पॉइंट मिळतात, कुलदीपने धापा टाकत सांगितलं. मी लेन्स काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती कॅमेऱ्यावर चढवली, कॅमेरा डोळ्याला लावला... आणि खाली घेतला.

“तू काढ,” तो म्हणाला. “मला आईला बघायचंय. असंच, डोळ्यांनी.”

तू. मी कॅमेरा घेतला आणि पुढे पळाले. अगदी रेषेला लागून मातीत गुडघ्यांवर बसले. चढाईवाली पोरगी विशीतली होती, हरणासारखी. ती वळली, एक पाय जरा मागे राहिला... आणि गोजराकाकी झेपावल्या. धूळ उडाली. मी बटण सोडलंच नाही. मागून कुलदीप लहान मुलासारखा ओरडत होता, “आई! सोडू नको! आई!”

सोडला नाही त्यांनी.

शिट्टी वाजली, ढोल वाजले. काकी धुळीने माखलेल्या तशाच आमच्याकडे आल्या.

“आयलास व्हय रं? आन ही कोनाची पोर?”

“माझी,” पप्पा पुढे झाले. गळ्यात हार, अंगात गणवेश. “जय भीम, ताई.”

मी श्वास रोखला. पप्पांच्या ‘जय भीम’नंतर कुणाकुणाचे चेहरे कसे आक्रसतात, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. काकींनी मातीचे हात जर्सीला पुसले आणि जोडले.

“जय भीम, दादा. हार कशापायी?”

“आज रिटायर झालो.”

“मंग जेवल्याबिगर जायचा नाय. कोलंबी हाय घरी.”

मी श्वास सोडला. शेजारी कुलदीपनेही सोडला, ते मला ऐकू आलं.

त्या रात्री पप्पा कोलंबीच्या रश्शाबद्दल इतकं बोलले की शेवटच्या फेरीचं दुःख करायला त्यांना वेळच मिळाला नाही. आणि मी फोनवर कुलदीपला फोटो पाठवत बसले. एक पाठवला की तो दहा ओळी लिहायचा. पुढचे दोन महिने आम्ही फोटोंवर बोललो... शाळेतल्या मुलांवर, माझ्या साहेबांवर, माशांवर बोललो. एका गोष्टीवर मात्र बोललो नाही.

फेब्रुवारीत मी लेन्स विकत घ्यायला गेले. तो सोबत आला. विलासकाकांनी काउंटरवर दोन ठेवल्या. एक अठरा ते एकशेपस्तीसची, हलकी, लांबचंही जवळ आणणारी. दुसरी तीच सतरा-पंचावन्न, जड, पण कमी उजेडातही नीट चालणारी.

“कुठली घेऊ?”

“तुझी लेन्स, तू ठरव.”

मी दोन्ही लावून पाहिल्या. पहिलीने रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं वाचता आली. दुसरीने नाही, तिला चार पावलं पुढे जावं लागत होतं. मी चार पावलं पुढे गेले, थेट कुलदीपच्या समोर.

“ही,” मी म्हणाले. “हीच घेते. हस ना जरा, बघू दे.”

तो हसला नाही. चौकटीत त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“मित्रा... कॅमेरा खाली घे ना. बोलायचंय.”

मी घेतला. विलासकाका अचानक पाठ करून कपाटातली धूळ पुसायला लागले.

“आईला सांगितलं मी.”

“काय?”

“की... मला तू आवडतेस. म्हणजे तुला सांगायच्या आधी तिलाच सांगून बसलो. चुकलंच. घाबरलो होतो.”

“मग? काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मना काय सांगतंस, तिला सांग जा.”

मी गळ्यातला कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला.

“मग सांग ना,” मी म्हणाले.

त्याने सांगितलं. अडखळत, मध्येच दोनदा थांबत, निळी बोटं एकमेकांत अडकवत. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, ते माझं आहे. मी फक्त “हो” म्हणाले. इतक्या हळू, की त्याला परत विचारावं लागलं.

दुसऱ्यांदा मात्र तो “हो” विलासकाकांनाही ऐकू गेला.