नाव घेऊन सांगा

व्हर्नाच्या घरचा दिवा दुरुस्त करायला मार्लिस निघाली तेव्हा दुपारचे जेमतेम चार वाजले होते. पण नोव्हेंबर सरत आला की मिनेसोटाच्या त्या उत्तरेकडच्या गावात दिवस चारलाच मिटतो. रस्ता ओलांडला की व्हर्नाचं घर. खांद्यावर घडीची शिडी, हातात हत्यारांची पिशवी घेऊन, करकरणाऱ्या बर्फावरून ती पोचली.

मार्लिसचे वडील वायरमन होते. त्यांच्या हाताखाली ती शिकली, आणि आता शेजाऱ्यापाजाऱ्यांची बटणं, पंखे, दिवे हौसेनं दुरुस्त करून द्यायची. व्हर्ना एक्क्याऐंशीची, एकटीच राहायची. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तिची मुलगी येणार होती, आपल्या दोन वर्षांच्या नातवाला घेऊन. त्याला झोपवायचं त्या माडीवरच्या खोलीतला दिवा मात्र मनाला येईल तेव्हा लागत होता, मनाला येईल तेव्हा विझत होता.

"लिंबाच्या वड्या केल्यात," व्हर्ना दारातच म्हणाली. "पण आधी काम."

"आधी एक वडी द्या. त्याशिवाय माझे हात चालत नाहीत."

"तोंड बरं चालतं पोरी तुझं!"

हसत हसत दोघी माडीवर गेल्या. खोली लहान होती, आणि खालच्या ऊबदार स्वयंपाकघराच्या मानानं फारच गार. जळक्या लोकरीसारखा पुसटसा वास येत होता. छताला पिवळा दिवा जळत होता. मार्लिसनं त्याच्याखाली शिडी उभी केली.

"या खोलीत फारसं कुणी येत नाही वाटतं?"

"ऑर्व्हिल गेल्यापासून नाही," व्हर्ना म्हणाली. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा हृदयविकारानं गेला, एवढंच मार्लिसला ठाऊक होतं.

काम दोघींचं होतं. तळघरातल्या पेटीत घरभरच्या दिव्यांचे स्विच होते. कुठला कुठल्या खोलीचा ते ऑर्व्हिलनं झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, पण आता अक्षरं पुसट झाली होती. तेव्हा मार्लिसनं खाली एकेक स्विच पाडायचा आणि व्हर्नानं दिव्याखाली उभं राहून ओरडून सांगायचं.

मार्लिसनं पहिला स्विच पाडला. "बंद झाला?"

वरून आवाज आला, दोन मजल्यांमधून गाळून आल्यासारखा. "अजून आहे..."

दुसरा पाडला.

"अजून आहे..."

तिसरा.

जरा वेळ शांतता. मग, "बंद झाला."

मार्लिस वर आली. दिवा खरंच विझला होता. पण खोलीत व्हर्ना नव्हती. तेवढ्यात खाली मागचं दार वाजलं, बूट आपटल्याचा आवाज आला आणि हातात दोन पाकिटं घेऊन व्हर्ना धापा टाकत जिना चढून आली. तिच्या टोपीवर बर्फ होता.

"रागावू नकोस गं. टपालाची गाडी दिसली, म्हणून रस्त्यावरच्या पेटीपर्यंत जाऊन आले. झाली का सुरुवात?"

"म्हणजे? आत्ता तुम्हीच तर सांगितलंत, बंद झाला म्हणून."

"मी? मी तर तू तळघरात उतरलीस तशी बाहेर पडले."

म्हातारं माणूस, सांगितलं असेल आणि विसरली असेल, अशी मार्लिसनं स्वतःची समजूत घातली. ती शिडीवर चढली, दिव्यावरचं काचेचं भांडं काढलं. उघड्या तारेकडे हात गेला... आणि थांबला. आधी टेस्टर, मग हात, ही वडिलांची शिस्त. तिनं टेस्टर टेकवला.

टेस्टर लाल झाला.

तारेत वीज होती. आणि ती बघत असतानाच दिवा हळूहळू, डोळा उघडावा तसा, लागला.

मार्लिस खाली उतरली. "सुटा स्विच नको. सगळ्या घराचा मेनच पाडते," ती म्हणाली. "आणि व्हर्ना, आता इथून हलू नका. माझे वडील नेहमी सांगायचे, हाक द्यायची तर नाव घेऊन द्यायची. 'मार्लिस, बंद झाला,' असं सांगा. नावाशिवाय मी ऐकणार नाही."

"मार्लिस, बंद झाला. असंच ना?"

"असंच."

तळघरात तिनं मेन स्विच खाली ओढला. खटकन आवाज झाला. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली. हातातल्या विजेरीचा तेवढा गोल भिंतीवर राहिला. घर इतकं गप्प झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

"मार्लिस..." वरून आवाज आला. "बंद झाला."

सुटकेचा श्वास सोडून ती वळली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर व्हर्ना उभी होती, भिंतीला धरून.

"मला तिथं राहवेना पोरी," ती कुजबुजली. "मानेवर कुणीतरी श्वास सोडत होतं..."

मार्लिसनं तिचा हात घट्ट धरला. दोघींनी वर पाहिलं. मेन पाडलेल्या त्या घरात, माडीवरून जिन्यावर पिवळा उजेड सांडत होता. शिडी करकरली.

"मार्लिस, बंद झाला," आवाज म्हणाला. हुबेहूब व्हर्नाचा. "ये आता वर... हात लाव."

तळघराला अंगणात उघडणारं दार होतं. त्यातून दोघी बाहेर पडल्या. अंगात धड कोट नाही, व्हर्नाच्या एका पायातली घरात घालायची चप्पल बर्फात राहिली. मागं वळून कुणी पाहिलं नाही.

मार्लिसच्या स्वयंपाकघरात कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून व्हर्ना बसली होती. कपाकडे बघतच ती बोलू लागली.

"ऑर्व्हिलचं हृदय थांबलं, हे खरंच आहे. पण थांबलं ते त्या शिडीवर. तोच दिवा दुरुस्त करत होता. मी खाली पेटीपाशी होते. वरून आवाज आला, बंद झाला. मी पुढचा स्विच न पाडता हात थांबवला, 'ठीक आहे, लाव हात' म्हणून ओरडले. माझ्या शब्दावर त्यानं तारेला हात लावला. मी म्हणत राहिले, चूक त्याचीच... त्यानंच तर सांगितलं होतं."

"व्हर्ना, नका आठवू आता."

"आठवायलाच हवं गं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तो मला 'ए म्हातारे' म्हणायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून! नाव कधी घेतलं नाही. आणि त्या दिवशी वरून आवाज आला, 'व्हर्ना, बंद झाला.' एकोणीस वर्षं मी ते जपून ठेवलं, मार्लिस. जाताना तरी त्यानं माझं नाव घेतलं म्हणून."

तिनं कप बशीवर ठेवला.

"त्यानं नव्हतं घेतलं, हो ना?"

मार्लिसनं उठून खिडकीचा पडदा ओढायला हात पुढे केला. रस्त्यापलीकडे काळोखात बुडालेल्या घराच्या माडीवर दिवा जळत होता. तिचं लक्ष गेलं तसा तो विझला.

आणि तिच्या स्वतःच्या माडीवरून, जिथं कुणीच नव्हतं, हळूच आवाज आला. "मार्लिस..."