सुताराचं न वाकणारं बोट

टाके निघाले, जखम भरली, पण सुताराचं मधलं बोट काही वाकेना. तळहात कापला तेव्हा बोट ओढणारी दोरीसारखी कंडराही तुटली होती. ज्या कुणी शिवलं, त्या व्यक्तीने वरची कातडी शिवून हात झटकले होते.

वैद्यकीय नोंदणी परिषदेच्या तपासनीस बाई दवाखान्यात आल्या, तेव्हा डॉक्टरांनी गुन्हेगार तयारच ठेवला होता.

"ही आमची सहायक. मी परगावी होतो. मला न विचारता शिवलं हिने. खुशाल नोंदणी रद्द करा, माझी हरकत नाही."

"नसणारच. नोंदणी तिची आहे," बाई म्हणाल्या.

बाहेरच्या पाटीवर सहायकेची पदवी डॉक्टरांच्या पदवीखाली ठळक रंगवली होती. पेशंट यायचे तोवर ती दवाखान्याची शान होती. तक्रार आली आणि 'ही' झाली. बाईंचं डोकं तिथेच तापलं.

"तू शिवलंस?"

"नाही. डॉक्टरांनी फोन करून मला एका आजींच्या घरी ड्रेसिंगला पाठवलं होतं."

"आजी तसं सांगतील?"

"त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही, मॅडम. एकट्याच असतात."

"फारच सोयीची साक्षीदार!" डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत.

"दादा, तुम्ही चेहरा पाहिलात?" बाईंनी बाकावरच्या सुताराला विचारलं.

"मास्क आणि टोपी," सुतार म्हणाला. "बाईमाणूस होतं एवढं खरं. छातीवर या ताईंच्या नावाचा बिल्ला होता."

"बिल्ला इथेच खुंटीला असतो," सहायक म्हणाली. "घरी न्यायचा नाही, डॉक्टरांचा नियम."

"आणखी काय आठवतं, दादा?"

"बसताक्षणी सुई टोचली. हाताचं लाकूड झालं. नंतर मनगटभर पांढरी पावडर. बायको म्हणाली, दवाखान्यात गेला होतात की कणीक मळायला?"

डॉक्टरांची कन्या चहा घेऊन आली. डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ती सध्या बाबांना 'मदत' करत होती.

बाईंनी ड्रेसिंगचं कपाट उघडलं. हातमोज्यांचे दोन खोके होते, एक पांढऱ्यांचा, एक निळ्यांचा.

"दोन कशाला?"

"निळे हिचे," कन्या म्हणाली. "रबर सोसत नाही. पांढरे घातले की हात टम्म सुजतात. एकेकाचे नखरे!"

"तू तर जवळजवळ डॉक्टरच. तळहात कापलेला माणूस आला, तर आधी काय करशील?"

"बधिर करायचं. बिचाऱ्याला उगाच त्रास कशाला?"

डॉक्टरांचा कप बशीवर आदळला. बाई सहायकेकडे वळल्या. "आणि तू?"

"बोटं एकेक वाकवून घ्यायची, स्पर्श कळतो का बघायचं. मगच सुई. बधिर झाल्यावर काय कप्पाळ कळणार?"

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "निळ्या मोज्यांत पावडर नाही, आत्ताच पाहिलं. पावडर पांढऱ्यांची. ते हिला घालताच येत नाहीत. दादांचं बोट न तपासता थेट सुई टोचली, म्हणजे तुझीच पद्धत, पोरी. मास्क-टोपी चढवलीस, खुंटीवरचा हिचा बिल्ला लावलास. आणि खरी सहायक नेमकी तेव्हाच बाहेर कुणी पाठवली? डॉक्टरसाहेबांनी."

कन्येला रडू फुटलं. "बाबाच म्हणाले, किरकोळ असेल ते शिव, हात बसेल!"

"गप्प बस!" डॉक्टर ओरडले. मग आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "मॅडम, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आणि हिला काय आयुष्य नव्हतं? दादांचा हात म्हणजे सरावाची उशी? शिकली ती, परीक्षा दिली तिने, आणि तुमच्या घरची घाण तिच्या बिल्ल्याखाली? हिची नोंदणी कायम राहील. तुमच्या नोंदणीचं परिषद बघेल, आणि तुम्हा दोघांचं पोलीस."

"ते सगळं ठीक," सुतार हळूच म्हणाला, "पण माझं बोट?"

सहायकेने त्याचा हात हातात घेतला, बोट चाचपलं. "कंडरा त्याच दिवशी शिवली असती तर सोपं होतं. आता अवघड आहे. पण हाताच्या सर्जनला दाखवू. चला, मी येते."

"तुझी ड्युटी संपलेली नाही!" डॉक्टर सवयीने खेकसले.

"तुमच्याकडची संपली," ती म्हणाली, आणि सुताराला पुढे घालून जिना उतरली.