बहिऱ्या बेडकांची राई

डॉ. सुलभा केरकरांच्या प्रयोगशाळेतला बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा होता. त्याला ना तळं लागतं, ना ओढा. मादी ओल्या पाचोळ्याखाली अंडी घालते आणि त्यांतून थेट इवले बेडूकच बाहेर पडतात. नर दिवसभर ओरडतो. पण त्याचं ओरडणं त्याच्या जातीत कोणालाच ऐकू येत नाही. त्या पट्टीचा आवाज टिपणारा कानाचा भाग त्यांच्यात वाढतच नाही.

ही जात आता घाटमाथ्यावरच्या एकाच देवराईत उरली होती. माद्यांना नर सहज सापडावेत म्हणून बाईंनी जनुकदुरुस्ती करून प्रयोगशाळेतल्या बेडकांना ऐकणारे कान दिले आणि ते बेडूक राईत सोडले. खूप कौतुक झालं. काही पिढ्यांत राईतल्या बहुतेक बेडकांना ऐकू येऊ लागलं, आणि मग बेडूक झपाट्याने कमी होऊ लागले.

"रोग नाही, बाई," राईतले ध्वनिनोंदक तपासणारा त्यांचा जुना विद्यार्थी नंदन वालावलकर म्हणाला. "नर राई सोडून जाताहेत. बाहेर चिऱ्याच्या खाणी. तिथे उन्हात वाळून मरतात."

"का जातील? पाचोळा तोच, मुंग्या त्याच."

"आता शेजारी ऐकू येतो ना. दुसऱ्या नराचा आवाज आला की नर लांब सरकतो. एवढ्याशा राईत लांब म्हणजे बाहेरच."

"मग आधी मादीला नर सापडायचा कसा?"

"ओरडताना गळा फुगतो, तो दिसतो. दाटीत तेवढं पुरतं."

बाईंनी त्याने आणलेला राईचा नकाशा ओढून घेतला. "मध्यावर तर काही नर खेटून बसलेत. त्यांनी जमवून घेतलं असेल."

"त्यांची जनुकं तपासली मी. दुरुस्ती त्यांच्यात उतरलेलीच नाही. ते बहिरे आहेत."

बाई खुर्चीत बसल्या. फार पूर्वी जंगल आक्रसलं तेव्हाही हेच झालं असणार. ऐकणारे बाहेर पडून मेले, बहिरे राहिले आणि जगले. त्या ज्याला व्यंग समजत होत्या, त्याच्याच बळावर ही जात तगली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आणि आपल्याकडचे?" नंदनने विचारलं.

काचपेटीतले दुरुस्त नर चार कोपऱ्यांत अंग चोरून बसले होते. काही दिवसांपासून ते खात नव्हते.

"प्रत्येकाला वेगळी पेटी. बाहेरचा आवाज आत जाता कामा नये."

"मग यांची पिल्लं होणार नाहीत, बाई."

"व्हायला नकोतच."

आवाज अडावा म्हणून दुपारभर दोघांनी पेट्यांना आतून बुचाचे जाड थर लावले. पहिलं झाकण बाईंनी स्वतः बसवलं. वरच्या काचेतून त्या बघत राहिल्या. थोड्या वेळाने नर कोपऱ्यातून पुढे आला आणि त्याने एक मुंगी खाल्ली.