डाकूसाठी पाण्याची बाटली

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की शाळेमागचं हर्सूलचं तळं दिसतच नव्हतं. वर्गात दप्तरं होती, पोरं नव्हती. मी धावत काठावर गेले, तर माझी अख्खी चौथी तिथं चिडीचूप उभी. संस्कृती आपली पाण्याची बाटली एका दगडावर ठेवत होती.

समोर घोट्याएवढ्या पाण्यात एक माणूस उभा होता... पाठमोरा.

"बाई, समुद्री डाकू हाय त्यो," गोकुळ कुजबुजला. "टोळीनं सोडून दिलंय त्याला. तुम्हीच सांगितलं ना काल."

सांगितलं होतं खरं. पोरांच्या डोक्यातून सोन्याच्या पेट्या घालवायच्या म्हणून मी त्यांना खरे डाकू शिकवत होते. अळ्या पडलेली बिस्किटं खाणारे, मतं देऊन कप्तान निवडणारे. कुणी दगा केला तर ओसाड बेटावर सोडून द्यायचे आणि सोबत पाण्याची एक बाटली द्यायचे. आमच्या गावाला समुद्र नाही, म्हणून पोरांनी तळ्यावरचा माणूस धरला.

"माफ करा हं," मी म्हणाले. "पोरं आहेत..."

तो वळला. माझ्याच वयाचा असेल. डोळे मात्र कित्येक रात्री जागलेले.

"डाकू नाय मी, बाई. डाकूंकडं राहून आलोय."

त्यानं बाटली उचलली आणि संस्कृतीकडं बघून हसला. इतकं गोड हसला, की मीही हसणार होते. तेवढ्यात धुक्यातून, पाण्याच्या अगदी मधोमधून, शीळ आली. आधी दोन आखूड, मग एक लांब. आतमध्ये कुणी मासेमारी करत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. अंगावरचा काटा मात्र वर्गात पोहोचेपर्यंत गेला नाही.

खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाईंनी मधल्या सुट्टीत उलगडा केला. "माझा भाचा हाय, अतुल. मालाच्या जहाजावर होता. आफ्रिकेकडं डाकूंनी वर्षभर धरून ठिवलं. आल्यापासनं झोप नाय लेकराला. उजाडलं की तळ्यावर."

दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली वर्गाच्या खिडकीत होती. गळ्याशी दोरीची सुरेख गाठ. पोरं रोज बाटली ठेवायची, रोज ती नव्या गाठीसह परत यायची. आणि मी... मी रोज पुंडलिकनगरच्या घरून शाळा भरायच्या कितीतरी आधी स्कूटीवर तळ्याकडं निघायला लागले. आईला सांगायचे, रस्त्यात गर्दी असते.

"बाटली तर खिडकीत ठिवली की," अतुल म्हणायचा.

"गाठ सुटत नाही."

"मग सोडायची कशाला?"

मी ओढणी सारखी करायचे. त्याच्याकडून मला वर्गासाठी खरे डाकू हवे होते, असं मी स्वतःला बजावत होते. तोही सांगायचा. ते साधे कोळी होते, त्यांनाही रात्री भीती वाटायची, त्यांचं जेवणही कैद्यांसारखंच बेचव. ऐकता ऐकता मी त्याच्या हातांकडं बघत राहायचे.

आणि एक दिवस माझं लक्ष त्याच्या पँटकडं गेलं. पहिल्या दिवशी ती घोट्यापर्यंत ओली होती, मग गुडघ्यापर्यंत. आज कमरेपर्यंत.

"पाणी वाढलंय का तळ्याचं?"

"पाणी तेवढंच हाय," तो शांतपणे म्हणाला. "मीच पुढं चाललोय."

मी त्याच्या आणि पाण्याच्या मधे येऊन उभी राहिले.

मग त्यानं हसनचं सांगितलं. हसन त्याच्यावर पहारा करायचा. रोज उजाडताना पाण्याची बाटली आणायचा, आणि येताना शीळ घालायचा, गोळी घालायला आलो नाही हे कळावं म्हणून. अतुलनं त्याला गाठी शिकवल्या. सुटकेच्या दिवशी हसनची होडी उलटली. त्याला पोहता येत नव्हतं. अतुलनं जहाजावरून दोर टाकला, पण घाईत मारलेला फासा सुटला आणि हसन बुडाला.

"तवापासनं ती एक गाठ माझ्याच्यानं बसत नाय. बाकी सगळ्या बसत्यात."

शीळ आली. आज अगदी जवळून. अतुलचे ओठ मिटलेले होते.

"ऐकली तुम्ही?" त्याचा आवाज चिरका झाला.

"पहिल्या दिवसापासून ऐकतेय."

तो खाली दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आजवर त्याला वाटत होतं, आपलं डोकं फिरलंय.

"उद्या वर्गात या," मी म्हणाले. "पाण्यात नाही, वर्गात. पोरांना हसन सांगा."

"आणि नाय आलो तर?"

"तर मी तुमच्यामागे पाण्यात येईन. मला पोहता येत नाही."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मग लई अवघड झालं की, बाई."

तो आला. कोरड्या कपड्यांत, केस विंचरून. पोरांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मग संस्कृतीनं विचारलं, "पण काका, त्याला पाणी कुणी दिलं? सोडून दिलेल्याला बाटली द्यावी लागती."

पोरं उठली, ओळीनं काठावर गेली आणि हसनसाठी एक बाटली दगडावर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघं तिथं पोहोचलो. बाटली जागेवरच होती. झाकण घट्ट, आत थेंब नाही. गळ्याशी काळपट दोरीचा एक फासा होता, नीट आवळलेला.

"तुम्ही बांधलात?"

अतुलनं नाही म्हणून मान हलवली. "हीच ती. हसनला मीच शिकवलेली."

आम्ही शिळेची वाट बघितली. धुकं विरळ झालं, पलीकडचा काठ दिसायला लागला, बगळे उतरले. शीळ आली नाही.

"बाई..."

"तनुजा."

"तनुजा, मी आता पुढं जात नाय. इथंच राहीन म्हणतो, तुझ्यापाशी. चालंल का?"

"इतके दिवस मी गाठी बघायला येत होते असं वाटलं का तुला?" मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला. हात उबदार होता. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच्या दुसऱ्या हातात बाटली होती. तिच्या तोंडाशी काहीतरी पांढरं वाळलं होतं. मी नकळत बोट फिरवून जिभेला लावलं.

मीठ.

आमच्या तळ्याचं पाणी गोडं आहे. मी अतुलला काही बोलले नाही. त्याचा हात तेवढा आणखी घट्ट धरला, आणि आम्ही शाळेकडं चालायला लागलो.